पाण्याखालची पांदण

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे लहान होडीसाठी जीपीएस चार्ट प्लॉटर घ्यायचा आहे असं आर्वीत कुणाला सांगितलं की समोरचा विचारतो, "इथं? कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता या यंत्राबद्दल मला जे उमगलं, ते कोकणात राहून कदाचित उमगलंही नसतं.

प्लॉटरमध्ये तीन गोष्टी एकत्र येतात. उपग्रहांवरून आपली जागा ओळखणारा रिसीव्हर, पाण्याचा नकाशा आणि दोन्ही एकावर एक दाखवणारा पडदा. यातल्या जागेचा प्रश्न आता जवळजवळ सुटलेला आहे. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. ती चूक काढली गेली आणि आज मोकळ्या पाण्यावर साधं यंत्रही काही मीटरांच्या आत जागा सांगतं. जाहिरातीतले रिसीव्हरचे आकडे म्हणूनच मी फारसे पाहिले नाहीत.

खरा प्रश्न नकाशाचा आहे. मुरूड, दाभोळ, मालवणच्या पाण्याचे नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. खडक कुठे, वाळूचा दांडा कुठे, ओहोटीला पाणी किती उरतं, हे पिढ्यान्‌पिढ्या मोजून त्यावर नोंदलेलं आहे. तेच यंत्र आमच्या निम्न वर्धा धरणाच्या जलाशयावर सुरू करा. पडद्यावर एक निळा तुकडा दिसतो आणि त्यात खोलीचा एकही आकडा नसतो. आपण नेमके कुठे आहोत हे यंत्राला ठाऊक असतं, आपल्या खाली काय आहे याचा त्याला पत्ता नसतो.

आणि खाली पुष्कळ काही आहे. धनोडीजवळ वर्धा नदी अडवली गेली तेव्हा शेतं बुडाली, घरं बुडाली. धुऱ्यावरची बाभूळ तोडली तरी तिचा खुंट जमिनीतच राहतो. विहिरीचं तोंड राहतं, घराच्या भिंतीचा पाया राहतो. सप्टेंबरात जलाशय भरलेला असताना होडी या सगळ्यावरून निर्धास्त निघून जाते. मे महिन्यात तोच खुंट पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर असतो आणि गढूळ पाण्यात दिसत नाही. समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि तिचं वेळापत्रक छापील मिळतं. आमच्या जलाशयाची ओहोटी पावसाळा सरला की सुरू होते ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालते, आणि कालव्याला किती पाणी सोडलं यावर ती ठरते. म्हणून इथल्या नकाशावरची प्रत्येक खोली "धरण पूर्ण भरलेलं असताना" अशीच लिहायला हवी आणि होडी काढण्यापूर्वी त्या दिवशी पातळी किती उतरली आहे ते पाहून तेवढी वजा करायला हवी.

बुडालेल्या जमिनीचा नकाशा नाहीच, असं मात्र नाही. धरणाआधीचे भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आहेत. त्यांत गावं आहेत, विहिरी, देवळं, गाडीरस्ते, उंचीच्या रेषा आहेत. जे तेव्हा जमिनीवर होतं, ते आज तळाशी आहे. या नकाशांची मुळं ज्या महासर्वेक्षणात आहेत, त्याचा आरंभकर्ता याच जिल्ह्यात पुरलेला आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट वाहून नेत तो त्रिकोणामागून त्रिकोण उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवत असताना, जानेवारी १८२३ मध्ये, सत्तरीच्या आसपासचा हा माणूस हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे हे काम ज्याच्या हाती आलं त्या जॉर्ज एव्हरेस्टच्या मापांवरून पृथ्वीचा जो आकार मानला गेला, त्यावर आपले जुने नकाशे बेतलेले आहेत. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ हा वेगळा आकार मानतं. जुन्या नकाशावरून विहिरीचे अक्षांश-रेखांश घेऊन ते तसेच प्लॉटरमध्ये भरले, तर आपल्या भागात विहीर शंभर मीटरांहून जास्त सरकते. प्लॉटर घेताना त्याच्या सेटिंगमध्ये हा मानलेला आकार बदलता येतो का, हे मी सगळ्यांत आधी विचारलं. हिंगणघाटच्या त्या कबरीपाशी उभं राहिलं की हा प्रश्न किती जुना आहे ते जाणवतं.

दुसरी गोष्ट मी पाहिली ती सोनार. तळाकडे ध्वनी पाठवून खोली मोजणारा सेन्सर प्लॉटरसोबत हवाच. काही यंत्रं, उदाहरणार्थ गार्मिनची क्विकड्रॉ कॉन्टूर्स सोय असलेली, होडी फिरेल तसतशी खोली नोंदवत तळाच्या रेषा स्वतः काढत जातात. जिथे विकत घ्यायला नकाशाच नाही, तिथे मोठा पडदा किंवा किनारपट्टीचं महागडं नकाशाकार्ड घेण्यात अर्थ नाही. नकाशा काढू देणारं यंत्र घ्यावं. पडदा पाच इंची पुरतो, पण तो भर दुपारी वाचता आला पाहिजे. इथे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा उन्हात फोन तापून बंद पडतो, म्हणून फोनवरच्या ॲपच्या भरवशावर मी पाण्यात जाणार नाही. ओल्या बोटांना टचस्क्रीन नीट जुमानत नाही, तेव्हा बटणं असलेलं यंत्र बरं.

तरीही यंत्राच्या आधी या पाण्यावर नकाशा आहे, आणि तो ढिवरांच्या डोक्यात आहे. किनाऱ्यावर जाळं सोडवत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांना मी वाट विचारली, तर ते म्हणाले, "ह्या खाली पांदण हाय ना भाऊ. पांदणीवरूनच जायचं. तिकडं खुंट हायेत, डोंगा फाटते." पन्नास वर्षं ज्या पांदणीतून बैलबंड्या गेल्या, तिच्यावरूनच ते आता डोंगा नेतात. दुतर्फा झाडं आणि मधला पट्टा मोकळा, हे त्यांना पाण्यावरून दिसतं. त्यांना सोबत घेऊन सोनार चालवला, तर पडद्यावर उमटणाऱ्या रेषांना नावं मिळतात. एरवी त्या नुसत्या उंचवट्यांच्या खुणा राहतात.

एक गोष्ट कुठलाच प्लॉटर करत नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीवर, वरुड तालुक्यातल्या झुंज इथे नाव उलटली आणि एकमेकांच्या नात्यातली अकरा माणसं बुडाली. होडीत किती जण बसले आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट आहे का, हे माणसानेच पाहायचं असतं. जॅकेटं आधी घ्यावीत, जलाशयावर उतरण्याची जलसंपदा खात्याची परवानगी घ्यावी, यांत्रिक होडीची नोंदणी करावी, आणि मग प्लॉटरकडे वळावं.

माझी मागणी जलसंपदा खात्याकडेच आहे. धरण बांधण्याआधी बुडीत क्षेत्राची उंची मोजलेली असतेच, त्याशिवाय कोणत्या पातळीला किती पाणी मावेल हे ठरवता येत नाही. निम्न वर्धा, ऊर्ध्व वर्धा, बोर, धाम या प्रत्येक जलाशयाची ती मोजणी सरकारी कपाटात असणार. ती लोकांसाठी खुली करावी. आणि ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्या घरांतल्या तरुणांनी आपल्या आजोबांना एकदा होडीत बसवून न्यावं, विहीर कुठे होती, देऊळ कुठे होतं, ते त्यांच्याकडून विचारून नोंदवून घ्यावं. ती गावं पाहिलेली पिढी आता थकत चालली आहे.