ट्रॅक्टर, जेसीबी आणि चार ओळींची चिठ्ठी

पुण्यात गाडी बंद पडली की आपण काय करतो? हॅझर्ड लाइट लावतो, इन्शुरन्सवाल्यांचा टोल-फ्री नंबर शोधतो आणि बॉसला फोन करून आवाज जमेल तितका केविलवाणा करतो. फार फार तर वीकेंडचा प्लॅन बोंबलतो. पण उसाने भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचा मागचा एक्सल तुटला, तर ना टोल-फ्री नंबर असतो ना टो-ट्रक. असतात ती आजूबाजूची माणसं. आणि त्यातल्या एखाद्याशी तुमची केस चालू असते.

हे मला २०२४ च्या जानेवारीत कळलं. फ्रीलान्सिंगचा एक फायदा म्हणजे लॅपटॉप उचलून कुठेही जाता येतं. मी गेले होते वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी, चार दिवस ‘रिलॅक्स’ व्हायला. दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला काकाचा ट्रॅक्टर पाणंदीत बसला. बसला म्हणजे खरोखरच बसला. डावं मागचं चाक तुटलेल्या एक्सलच्या तुकड्यासकट बाहेर आलेलं आणि ट्रॅक्टर त्या अंगाने चिखलात टेकलेला.

पाणंद म्हणजे शेतांकडे जाणारी गावची वाट. कागदावर ऐसपैस, प्रत्यक्षात दर वर्षी थोडी बारीक होणारी. आमच्या पाणंदीच्या उजव्या हाताला काकाच्या चुलतभावाचं, म्हणजे आप्पांचं शेत आहे, डाव्या हाताला पाण्याची चारी. काकाचं म्हणणं, आप्पांनी बांध सरकवून पाणंद खाल्ली. आप्पांचं म्हणणं, पाणंद पहिल्यापासून एवढीच. मामलेदार न्यायालय अधिनियम नावाचा १९०६ सालचा एक कायदा आहे. अडवलेली शेतवाट मोकळी करून द्या, असा अर्ज त्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे करता येतो. काकाने तो केला. तिथून प्रकरण प्रांतांकडे गेलं. दोन घरांमधलं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती.

त्या सकाळी उजवीकडून बांध चुकवताना डावं चाक चारीच्या काठावरून घसरलं, मागून ट्रॉलीने रेटलं आणि एक्सल गेला. म्हणजे काकाच्या हिशोबाने एक्सल आप्पांनीच तोडला. पण बिकट गोष्ट वेगळीच होती. मागे आणखी तीन जणांचा ऊस भरून उभा होता. तोडलेला ऊस थांबत नाही. तासागणिक वाळतो, वजन घटतं, साखर उतरते आणि कारखाना पैसे वजनावर देतो. तोडणीच्या टोळीची मजुरीही टनावरच. पाणंद अडली म्हणजे सगळ्यांचाच दिवस अडला. चिटबॉय तर सारखा घड्याळ बघत होता.

माझा चुलतभाऊ बावीस वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. त्याने तोवर वायररोप आणून पुढच्या बंपरला बांधलाही होता. दुसऱ्या ट्रॅक्टरने एक हिसका द्यायचा की बास! तेवढ्यात मिस्त्री आले. साठीचे, खांद्यावर पंचा, तोंडात तंबाखू. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? रोप सोडला. दुसरं काम, इंजिनाकडे न बघता उजव्या चाकाला पुढून-मागून मोठे दगड लावले.

“मिस्त्री, गिअरमध्ये हाय की त्यो!” भाऊ म्हणाला.

“गिअर काय करंल? एक्सल तुटल्यावर गिअर धरत न्हाई.”

हे मला समजून घ्यायला दोन कप चहा लागले. मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं. वळणावर एक चाक कमी आणि दुसरं जास्त फिरावं म्हणून केलेली सोय. इंजिनाची ताकद, जी बाजू सहज फिरेल तिकडे ते जाऊ देतं. एक बाजू तुटली की तो तुकडा मोकळाच गरगरतो आणि धडधाकट चाकाला काही मिळत नाही. उलटही तसंच. ट्रॅक्टर गिअरमध्ये उभा दिसतो, पण चांगलं चाक हवं तेव्हा घरंगळू शकतं. डिफरन्शियल लॉक लावला तर गोष्ट वेगळी. पण दोन टनांचं धूड, त्यातलं निम्म्याहून जास्त वजन मागच्या अंगाला, अशा वेळी लॉकवर जीव टाकायचा नाही, असं मिस्त्रींचं म्हणणं.

मग सुरू झालं ते हलवण्याचं नाही, हलकं करण्याचं काम. आधी ट्रॉली. टोळीतल्या नवरा-बायकोच्या जोड्यांनी मोळ्या डोक्यावरून मागच्या रिकाम्या ट्रॉलीत नेल्या. त्यांची जादा मजुरी काकाने तिथेच कबूल केली. रिकामी ट्रॉली मागच्या ट्रॅक्टरने मागे ओढून घेतली. मग टायर. मागच्या टायरमध्ये हवेबरोबर पाणीही भरतात, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. पकड वाढावी म्हणून भरतात, एकेका टायरात दीड-दोनशे लिटरही मावतं. असं चाक अंगावर कलंडलं तर माणूस उठत नाही. म्हणून वॉल्व्ह खाली घेऊन पाणी सोडलं आणि मगच चाकाला हात लावला.

मग जॅक. दोन इंच उचलायचं, लाकडी ठोकळा सारायचा. पुन्हा दोन इंच, पुन्हा ठोकळा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली हात घालायचा नाही. पुढचा एक्सल मधोमध एका पिनेवर डुलत असतो, म्हणून तिथेही दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या, नाहीतर मागून उचलताना ट्रॅक्टर कुशीवर झोपला असता. अकरा वाजले होते आणि ट्रॅक्टर जागचा एक फूटही हलला नव्हता. भाऊ वैतागला होता. मिस्त्री निवांत.

आता मागचं अंग उचलून धरायला जेसीबी हवा होता. तो पाणंदीतून ट्रॅक्टरच्या मागे जाऊ शकत नव्हता. एकच वाट होती, आप्पांच्या हरभऱ्यातून. आणि उचललेला ट्रॅक्टर ठेवायलाही एकच जागा होती. आप्पांच्याच हरभऱ्यात.

सगळे काकाकडे बघायला लागले. काका चारीकडे बघायला लागला.

शेवटी काकू उठली. मला म्हणाली, “चल गं.” आप्पा गोठ्यात होते. सगळं त्यांना आधीच कळलेलं होतं. काकू दारातूनच म्हणाली, “भावजी, लोकांचा ऊस वाळतोय.”

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वैनी, हरभरा जाऊ दे. पर उद्या तुमचा वकील म्हनंल, हितनं वाट हाय, ट्रॅक्टर गेलाय की. मग म्या काय करू?”

मला हे आडमुठेपणाचं वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. त्यांची अट साधी होती, लिहून द्या. लिहिणार कोण? मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेली पुतणी! रिपोर्ताज, फीचर, कॉलम सगळं लिहून झालंय, पण इतकं तोलून मी कधी लिहिलं नव्हतं. चार ओळी. नादुरुस्त ट्रॅक्टर हलवण्यासाठी जेसीबी आजच्या दिवसापुरता या शेतातून नेत आहोत. ट्रॅक्टर चार दिवसांत काढून नेऊ. पिकाची भरपाई देऊ. यावरून वाटेचा हक्क सांगणार नाही.

काकाने दोनदा वाचलं. “‘या शेतातून वाटेचा’ असं कर. पाणंद वेगळी,” म्हणाला. मी केलं. आप्पांनी मान डोलावली. काकाने सही केली. ती करताना त्याचं तोंड, तुटलेला एक्सल पाहिला तेव्हापेक्षाही उतरलेलं होतं.

पुढचं सगळं अर्ध्या तासात झालं. स्टेअरिंग दोरीने सरळ बांधलं, गिअर न्यूट्रल केला, बकेटला साखळी लावून मागचं अंग अधांतरी उचललं. मिस्त्रींनी सगळ्यांना साखळीच्या लांबीच्या दुप्पट मागे हटवलं, कारण तुटलेली साखळी कुठे जाईल ते सांगता येत नाही. सीटवर कुणी नाही. भाऊ चढायला गेला तर त्याच्या काकाने नाही, आप्पांनी ओरडून खाली उतरवला. जेसीबी माणसाच्या चालीने मागे सरकत गेला आणि ट्रॅक्टर उलट्या पावली हरभऱ्यात जाऊन ठोकळ्यांवर विसावला. साठ-सत्तर फूट, बस्स. एक वाजता पाणंद मोकळी झाली आणि तिन्ही ट्रॉल्या कारखान्याकडे निघाल्या.

आपल्याकडे ‘मूव्ह ऑन’ हा शब्द फार स्वस्त झालाय. ब्रेकअप झालं, मूव्ह ऑन. नोकरी गेली, मूव्ह ऑन. त्या दिवशी मी पाहिलं की काहीतरी मोडलेलं हलवायचं, तर ओढण्याचं काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात थोडं असतं. आधी भार उतरवा, टेकू द्या, बघ्यांना लांब करा. आणि ज्याच्या रानातून जायचं त्याला विचारा, मग तो कुणीही असो.

दोघं आता बोलतात का? नाही. नवा हाफ शाफ्ट बसला, ट्रॅक्टर कबूल केल्याप्रमाणे चौथ्या दिवशी निघाला, भरपाई काकूने नेऊन दिली. आप्पांनी ती मोजून घेतली. केस चालूच राहिली. पुढच्या तारखेसाठी काकाने माझ्यासमोर वकिलाला फोन केला. अर्धा तास बोलला, एक्सल कसा तुटला ते सगळं सांगितलं. जेसीबी कुठून आला, हे मात्र त्याने वगळलं.