हजर, मयत, स्थलांतरित

लक्ष्मीपूजनाच्या पणत्या पुसून ठेवल्या जातात न जातात, तोच ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रॅक्टर गावात येऊन उभे राहतात. मागं दोन ट्रॉल्या. त्यांत पत्रे, बांबू, चूल, पाण्याचा ड्रम, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यामुळं घरातून एक माणूस जात नाही, घरच जातं. हिंगोलीतल्या सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर कार्तिकात ओळीनं कुलपं दिसतात. आणि बहुतेक वर्षी नेमकी त्याच सुमाराला शाळेच्या व्हरांड्यात मतदारांची प्रारूप यादी लागते.

यात कुणाचा कट नाही. 1 जानेवारी ही अर्हता दिनांक धरायची, तर त्याच्या आधी यादी लावावी लागते, दावे-हरकती घ्याव्या लागतात, आणि जानेवारीत अंतिम यादी छापावी लागते. 2022पासून वर्षाला चार अर्हता तारखा झाल्या. सतरा पूर्ण झालेल्या पोरांना आगाऊ अर्जही करता येतो. पण मोठी झाडाझडती होते ती दिवाळीनंतरच. तारखा दिल्लीत ठरतात, ऊस कुठं लांब पिकतो, आणि कयाधू-पूर्णेच्या खोऱ्यातला माणूस नेमका त्या वेळी आपल्या दारात नसतो.

मी आयुष्यभर शाळामास्तर होतो. निवडणुकीच्या कामाची सवय आम्हाला खडूइतकीच. यंत्राच्या पेट्या उचलल्या, पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेऊन ते पुसलं, रात्री अनोळखी गावातल्या वर्गात बाकं जोडून झोपलो. लोकांना निवडणूक म्हटलं की तो एक दिवस आठवतो. मला मात्र त्या दिवसापेक्षा यादीची जास्त ओढ. यंत्र कुणालाच ओळखत नाही. ओळखायचं काम यादीचं, आणि ते आधीच उरकलेलं असतं.

आमच्याकडं यादीचं चावडीवाचन होतं. चावडी कधीच पडली; तिच्या जागी ग्रामपंचायतीचं सिमेंटचं ऑफिस आलं. वाचनाला नाव मात्र चावडीचंच राहिलं. त्याची मला गंमत वाटते, कारण आमच्या आज्याच्या काळात चावडीवर नाव पुकारलं गेलं तर माणसाच्या पोटात गोळा यायचा. निजामाचं राज्य. नाव निघालं म्हणजे एक तर सारा थकलेला, नाही तर वेठबिगारीचं बोलावणं. रयतेच्या नावांची सरकारला तेवढीच गरज. 17 सप्टेंबर 1948ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. त्या वर्षी उरलेल्या भारतात राज्यघटनेचा मसुदा अजून चर्चेतच होता, तरी प्रौढ मताधिकाराच्या याद्या करण्याची तयारी सुरू झाली होती. घटना व्हायच्या आधी यादी! 1952च्या पहिल्या निवडणुकीत हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यातली आमची गावं रांगेत उभी राहिली. उमेदवार तितक्या पेट्या, प्रत्येक पेटीवर चिन्ह, आवडीच्या पेटीत कागद टाकायचा. पुढं 1956ला आम्ही मुंबई राज्यात गेलो, 1960ला महाराष्ट्रात आलो, 1 मे 1999ला परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झालो. आमचा आजा जागचा हलला नाही, सरकारंच त्याच्या अंगावरून फिरत राहिली. तो कायम यादीत. जे हलतात त्यांचं काय, हा प्रश्न नातवंडांच्या पिढीचा.

वाचायला बसते अंगणवाडीची ताई. कागदोपत्री ती मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, गावाच्या तोंडी बीएलओ. या कामाचं मानधन वर्षाला 6,000 रुपये होतं, 2025मध्ये निवडणूक आयोगानं ते 12,000 केलं. म्हणजे महिन्याला हजार. त्यात दारोदार फिरणं, फोटो घेणं, ॲपमध्ये भरणं, रेंज नसली की टेकडीवर जाणं आणि शिव्या खाणं आलं. ताई घर क्रमांक वाचते, नाव वाचते, वय वाचते. पारावरून उत्तर येतं.

“हाय.”

“वारला. वर्षश्राद्ध झालं त्याचं.”

“ही सासरी गेली, जिंतूरकडं.”

“उसावर.”

“हे दोघंबी उसावर.”

“हा पुण्याला. वॉचमन हाय.”

गावाला माणूस सांगायला किती शब्द लागतात. कुणाच्या सुनेचं बाळंतपण निघतं, कुणाचा बांधाचा वाद निघतो, मेलेल्याबद्दल दोन क्षण चुकचुकतात. ताईच्या रकान्यात मात्र तीनच खुणा मावतात: हजर, मयत, स्थलांतरित. मयताबद्दल वाद नाही, दाखला आणला की झालं. भानगड तिसऱ्या खुणेत आहे. उसावर गेलेला आणि सासरी गेलेली, दोघंही एकाच रकान्यात पडू शकतात. एक फाल्गुन-चैतात परतणार असतो, दुसरीचं नाव आता दुसऱ्या गावच्या यादीत जायला हवं असतं.

कायद्यानं हा फरक फार पूर्वी ओळखलेला आहे. 1950च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं विसावं कलम सांगतं, की तात्पुरत्या गैरहजेरीनं माणसाचा रहिवास मोडत नाही. उलट गावात नुसतं घर आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरतही नाही. किती शहाणं कलम! आणि व्यवहार बघा. पुण्यात फ्लॅट घेतलेला, तिथंच पोरं शिकवणारा, गावाकडं फक्त पोळ्याला येणारा साहेब यादीत सुखरूप असतो, कारण त्याची म्हातारी आई दारात बसून “हाय की, येतो ना तो” म्हणते. पाच महिन्यांसाठी गेलेल्या कोयत्याच्या घराला कुलूप. त्याच्या वतीनं बोलणार कोण? वगळायचं तर नोटीस द्यावी लागते, हे खरं. पण कुलपाला अडकवलेला कागद कुणाला वाचून दाखवायचा?

म्हणून चांगली ताई कायद्याच्या पुस्तकापेक्षा मोठी असते. ती शेजारणीला विचारते, “येतेत का परत?” शेजारीण म्हणते, “न येऊन कुठं जातेल, म्हातारा हितंच हाय.” ताई पेन्सिलीची खूण पुसते. महाराष्ट्रातल्या निवडणुकीचा एक मोठा भाग त्या खोडरबरावर चालतो, असं मी म्हटलं तर कलेक्टर कचेरीतले लोक हसतील. हसू देत.

एका यादीचं वजन काय असतं, ते आमच्या मतदारसंघानं बघितलेलं आहे. 2014ची लोकसभा. देशभर मोदींची लाट, राज्यात काँग्रेसच्या हाती दोनच जागा, नांदेड आणि हिंगोली. हिंगोलीत राजीव सातव यांना 4,67,397 मतं पडली, शिवसेनेच्या सुभाष वानखेडेंना 4,65,765. फरक 1,632. उमरखेड, किनवट, हदगाव, वसमत, कळमनुरी, हिंगोली असे सहा विधानसभा मतदारसंघ, पैनगंगेच्या दोन्ही काठांवर पसरलेला प्रदेश, आणि निकाल एका केंद्राच्या यादीएवढ्या नावांवर. एका केंद्राला 2025पर्यंत साधारण पंधराशेपर्यंत मतदार जोडायचे, म्हणून सांगतो. त्या फरकात कोणत्या गावचे किती कोयते होते, हे कुणीच मोजलेलं नाही. 1,632 हा आकडा ऐकला की मला कुठला पक्ष आठवत नाही, ताईचं पेन आठवतं.

गेल्या वेळचा, म्हणजे 2024चा हंगाम तर विलक्षण होता. आचारसंहिता लागून आठवडाही झाला नव्हता, तोच 21 मार्चच्या पहाटे जमीन हलली. आमच्या भागाला जमिनीखालच्या गूढ आवाजांची जुनी सवय आहे, तरी 4.5 तीव्रतेच्या धक्क्यानं लोक अंगणात आले. पारावरचा एक जण म्हणाला, “पुढारी तेवढे हलले नाहीत.” उमेदवारी अर्ज मागं घेण्याची मुदत संपली तेव्हा तेहेतीस जण उभे होते. एका मतदान यंत्रावर सोळा बटणं, त्यात ‘नोटा’चं एक धरायचं; म्हणजे चौतीस बटणांसाठी केंद्रावर तीन यंत्रं ओळीनं मांडली. म्हाताऱ्या माणसांचं मत देण्यापेक्षा चिन्ह शोधण्यातच ध्यान. 26 एप्रिलचं ऊन वेगळंच.

त्याच वर्षी पंच्याऐंशीच्या पुढच्या आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांग असलेल्यांच्या घरी जाऊन मत घ्यायची सोय लोकसभेला झाली. एका म्हातारीच्या बाजेपाशी अख्खं पथक आलेलं मी पाहिलं: दोन कर्मचारी, पोलीस, चित्रीकरण करणारा पोरगा, पुठ्ठ्याचा आडोसा. म्हातारीनं आधी सगळ्यांना चहा विचारला. तिला वाटलं, पोराचं लग्न ठरवायला आलेत. सरकारवर टीका करायची माझी जीभ त्या दिवशी गप्प झाली. एका मतासाठी एवढी माणसं दगडा-धोंड्यांतून वाडीवर चालत येतात, ही गोष्ट लहान नाही.

मग हेच सरकार उसाच्या फडावरच्या कोपीपाशी का जात नाही, हा विचार तेव्हाच मनात आला. जायचा एक प्रयत्न झाला होता. डिसेंबर 2022मध्ये आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला: एकाच यंत्रावरून बहात्तर मतदारसंघांतल्या स्थलांतरितांना मत देता येईल असा. जानेवारीत पक्षांना बोलावलं. विरोधी पक्षांचा विश्वास बसला नाही, शंका बऱ्याच होत्या, काही रास्तही होत्या; गाडी तिथंच थांबली. मग 20 नोव्हेंबर 2024ला विधानसभेचं मतदान आलं ते ऐन गाळपाच्या तोंडावर, आणि ऊसतोड कामगारांच्या मताचं काय, ही चर्चा राज्यभर झाली. चर्चा चालू असताना आमच्याकडच्या पोरी कोयत्यांना मुठी बसवत होत्या.

आणि बाया. यादी हलण्याचा त्यांचा हंगाम वेगळा, लग्नसराईचा. वैशाखात पोरगी सासरी जाते. तिच्याबरोबर भांडी जातात, कपाट जातं, नाव माहेरच्या भागातच राहतं. नमुना आठ भरून ते हलवायचं असतं. तो भरायचा कुणी? सासरा म्हणतो, घाई काय आहे. लग्नात नाव बदललेलं असलं तर आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, यादीत तिसरं. पहिल्या निवडणुकीच्या वेळी मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढं याहून अवघड पेच होता. उत्तरेकडच्या राज्यांतल्या लाखो बायांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. सेन अडून बसले: नाव नाही तर नोंद नाही. सुमारे 28 लाख बाया यादीबाहेर गेल्या. क्रूर वाटतो तो निर्णय, मलाही बरीच वर्षं वाटायचा. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतल्या पुष्कळ जणी नाव सांगायला शिकल्या, घरातल्या पुरुषांना ते सांगू द्यावं लागलं. आमच्याकडची आजची अडचण उलटी आहे. नाव सांगायला लाज नाही, नावं मात्र जास्त झालीत. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मराठवाड्यात अजून कितीक पोरींना लग्नाची हळद अठराच्या आत लागते. मताची शाई तेवढी कायद्यानं थांबते.

हळदीचं निघालं म्हणून सांगतो. वसमतच्या हळदीला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एप्रिलपर्यंत काढणी, शिजवणी, वाळवणी उरकून ढोलात घोटणं चालू असतं, आणि बायांच्या नखांत पिवळा रंग असा बसलेला असतो की साबणानं जात नाही. मैसूरच्या सरकारी कारखान्यातून 1962पासून येणारी ती जांभळी शाई डाव्या तर्जनीवर लावताना मतदान अधिकाऱ्याला प्रश्न पडतो, रेघ दिसणार कशी. दिसते. तर्जनी नसली तर डाव्या हाताचं दुसरं बोट, तेही नसलं तर उजव्या हाताची तर्जनी, नाही तर दुसरं कुठलं बोट, बोटंच नसली तर हाताचं जे टोक असेल ते, इथपर्यंत नियमात लिहिलेलं आहे. नियम करणाऱ्यानं कुणालाच रांगेबाहेर राहू द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. औंढ्याला नागनाथाच्या देवळाची आख्यायिका आहे: नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागं हाकललं, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं. विसाव्या कलमाला असं फिरता येत नाही, त्याला ताईनं फिरवावं लागतं.

यंदाच्या वाचनाला सगळ्यात जास्त वेळ लागला तो एका सत्तरीच्या बाईपाशी. ताईनं तिचं नाव वाचलं, वय वाचलं, घर क्रमांक बरोबर निघाला, फोटोही तिचाच. लिंगाच्या रकान्यात मात्र ‘पुरुष’. पारावर हशा पिकला. ताई ओशाळली, म्हणाली, “आज्जी, नमुना आठ भरून दुरुस्त करते, आधार कार्ड द्या.”

म्हातारी उठलीच नाही. “किती दिसांपासून हाय ते?”

“दहा वर्षं तरी झाली असतील.”

“आन् मत देऊ देतेत ना मला?”

“देतात की.”

“मंग ऱ्हाऊ दे,” म्हातारी म्हणाली. “समदे गडी उसावर अन् पुण्याला. माणसांची रांग बारकी ऱ्हाती.”