मुरवून मगच बाजारात

लाल वाईनमध्ये खोबरं असतं हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही! आधी खोबरं, त्यामागून लवंग, मग वाळलेलं अंजीर आणि अगदी तळाशी जुन्या चामड्याचा, तंबाखूच्या पानाचा वास. स्पेनच्या रियोहा भागातल्या आरो गावात रेल्वे स्टेशनाजवळच्या एका बारमध्ये हाती आलेला तो पेला मी कितीतरी वेळ नुसता हुंगत बसले होते. रंगसुद्धा ओळखीचा नव्हता. मधोमध डाळिंबी, कडेला विटकरी. पहिला घोट घेतला तेव्हा जीभ आखडेल अशा तुरटपणाची तयारी ठेवली होती, पण तो आलाच नाही. आली ती एक मऊ, लांबत जाणारी चव आणि शेवटी स्वच्छ आंबटपणा. दहा वर्षांहून जुनी वाईन इतकी ताजी कशी राहते? बारवाल्याने काही न बोलता बाटली फिरवून मागचा निळा शिक्का दाखवला. ग्रान रेसेर्वा.

तेव्हापासून मी भेटेल त्याला रियोहाबद्दल सांगत सुटले आहे.

रियोहा हा स्पेनच्या उत्तरेकडचा, एब्रो नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला द्राक्षांचा मुलूख. उत्तरेला सिएरा दे कांताब्रियाची डोंगररांग उभी आहे. अटलांटिककडून येणारा गार, ओला वारा ती अडवते. पायथ्याच्या चुनखडीमिश्रित मातीत जुन्या बागा आहेत, आणि नाशिककडच्या माणसाला त्या बघून आधी धक्काच बसतो. ना मांडव, ना तारा. गुडघाभर उंचीचं जाडजूड, पिळवटलेलं खोड आणि वर चहूकडे फुटलेल्या काड्या. वेल स्वतःच्या बळावर झुडपासारखी उभी! मी सप्टेंबरअखेरीस गेले होते. तिकडे घड उतरवायची लगबग चालू होती, आणि त्याच सुमारास आपल्याकडचे बागायतदार ऑक्टोबर छाटणीच्या तयारीला लागलेले असतात. एकच पीक, पण दोन मुलखांतली त्याची वर्षं किती उलटी चालतात!

या वाईनमागचं द्राक्ष म्हणजे टेम्प्रानियो. मणी निळसर काळा, साल जाड. गार्नाचा हे तिथलं दुसरं मोठं द्राक्ष. टेम्प्रानियो त्याच्या काही आठवडे आधीच तयार होतं. रियोहाच्या वरच्या, थंड भागात उन्हाळा आखूड असतो, त्यामुळे तिथे हे लवकर पिकणं फार कामाचं. कोवळ्या वाईनमध्ये त्याला चेरीचा, आलुबुखाऱ्याचा छान वास येतो, आंबटपणा बेताचा असतो, आणि एवढंच. फार ठसठशीत असं काही नाही. काही जाणकार याला उणीव मानतात. मला मात्र ठाम वाटतं की हेच त्याचं मोठेपण आहे. ते लाकडाला जागा देतं. काळाला जागा देतं. कमी पडणारी धार आणि रंग भरून काढायला त्यात ग्रासियानो, मासुएलो ही द्राक्षं थोडी थोडी मिसळतात, पण कणा टेम्प्रानियोचाच.

त्याची कुळकथाही सुरस आहे. या द्राक्षाचे आईबाप कोण, हे 2012 साली जनुकीय तपासणीतून उलगडलं: आल्बियो मायोर नावाचं पांढरं द्राक्ष आणि बेनेदिक्तो नावाचं, आता जवळजवळ विस्मरणात गेलेलं काळं द्राक्ष. याहून मजेची गोष्ट 1988 सालची. रियोहातल्या मुरियो दे रिओ लेसा गावी टेम्प्रानियोच्या एका वेलीवर एकाच काडीला चक्क पांढरे घड लागले. निसर्गाने आपणहून केलेला बदल! ती काडी जपली, तिच्यापासून रोपं वाढवली, आणि आज पांढरी टेम्प्रानियो ही स्वतंत्र जात म्हणून लावली जाते.

आता लाकडाकडे वळते, कारण खरं वेड मला तिथे लागलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समधल्या बागांवर भुरी आली. द्राक्षवाल्या घरात भुरी या शब्दाने पोटात गोळा येतो, तीच ही भुरी. पाठोपाठ 1860 च्या दशकात मुळांवर जगणारी फिलॉक्सेरा कीड आली आणि बागाच्या बागा उभ्या वाळल्या. बोर्दोचे व्यापारी वाईन शोधत पिरेनीज ओलांडून रियोहात उतरू लागले. बोर्दोची पद्धत, म्हणजे 225 लिटरच्या ओकच्या पिंपात वाईन मुरवायची, ती त्याआधीच इकडे येऊ लागली होती. बोर्दोत राहिलेल्या मार्केस दे रिस्काल या उमरावाने 1858 साली एल्सिएगो गावात आपलं तळघर उभारलं. 1862 मध्ये आलावा प्रांताच्या सरकारने जाँ पिनो या फ्रेंच तज्ज्ञाला शेतकऱ्यांना शिकवायला बोलावलं. वाईन उत्तम झाली, पण शेतकऱ्यांनी पद्धत उचलली नाही. पिंपांचा खर्च आज करायचा आणि पैसा काही वर्षांनी बघायचा, हे छोट्या शेतकऱ्याला परवडणार कसं? त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. करार संपल्यावर रिस्कालने पिनोला आपल्याकडे ठेवून घेतलं. आरोत रेल्वे आली होती, आणि पुढे स्टेशनाभोवतीच मोठमोठी तळघरं उभी राहिली: 1877 मध्ये लोपेस दे एरेदिया, 1879 मध्ये कूने, 1890 मध्ये ला रियोहा आल्ता. ती आजही तिथेच, एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. सगळी पायी फिरता येतात!

पद्धत बोर्दोची, पण लाकूड बहुतेकांनी अमेरिकेचं घेतलं, आणि माझ्या पेल्यातलं खोबरं आलं ते तिथूनच. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाचे सुगंधी घटक भरपूर असतात. खोबऱ्याचा वास त्यांचा. व्हॅनिलाही लाकडातलाच. आणि लवंग? लवंगेला जिच्यामुळे वास येतो ती युजेनॉलच ओकच्या लाकडातही असते. हे कळलं तेव्हा मला अक्षरशः टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वासाचा भास नव्हे, वस्तूच तीच! लाकूड आणखी एक काम करतं. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा अगदी थोडी थोडी आत झिरपते, त्या हवेने तुरट घटक एकमेकांना आणि रंगाच्या घटकांना धरून मोठे होत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून ती मऊ चव आणि तो विटकरी रंग. नवं पिंप वास जास्त देतं. जुनं झालं की वास देणं कमी होतं, श्वास घेऊ देणं चालू राहतं.

लोपेस दे एरेदियाकडे ही पिंपं आजही घरचेच कारागीर घडवतात. अमेरिकेतून आलेलं लाकूड आधी वर्षानुवर्षं उघड्यावर ऊन-पाऊस खातं, मग त्याच्या फळ्या होतात. त्या गोलाकार उभ्या करून एका टोकाला लोखंडी कडी चढवायची, आत ओकच्याच ढलप्यांची आग पेटवायची, बाहेरून पाणी मारायचं आणि लाकूड तापून नमलं की दुसरं टोक आवळत आणायचं. खिळा नाही, गोंद नाही. आतली बाजू शेकून निघते आणि तो भाजका वासही पुढे वाईनमध्ये उतरतो. पिंप भरलं की 300 बाटल्यांची वाईन त्यात राहते.

मग दर काही महिन्यांनी ती एका पिंपातून दुसऱ्या पिंपात काढतात. ला रियोहा आल्तामध्ये हे काम अजून मेणबत्तीच्या उजेडात, दर सहा महिन्यांनी हाताने होतं. वाईन धारेने वाहते, कामगार काचेच्या पेल्यात थोडी धरतो, मागे ज्योत. स्वच्छ आहे, स्वच्छ आहे, आणि मग गढूळपणाची पहिली रेघ दिसते. थांबा! गाळ मागेच राहतो. दुसऱ्या एका घराण्यात, मुगामध्ये, उरलासुरला गढूळपणा बसवायला अंड्याचा पांढरा बलक वापरतात.

आणि हे सगळं आपल्या घरी बाटली येण्याआधी झालेलं असतं. मला रियोहाचं सर्वांत अप्रूप याचं. जगातल्या कितीतरी नामांकित लाल वाईन कोवळ्या विकतात आणि मुरवायचं काम गिऱ्हाइकावर सोडतात. त्यासाठी गार तळघर हवं, धीर हवा, हाताशी पैसा हवा. इथे वाट बघायचं काम बनवणाऱ्यांनी स्वतःकडे घेतलंय आणि नियमात बांधलंय. लाल क्रियान्सा दोन वर्षं राखायची, त्यातलं निदान एक पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं. एक पिंपात आणि सहा महिने बाटलीत. ग्रान रेसेर्वा पाच वर्षं. दोन पिंपात, दोन बाटलीत. चांगली घराणी याहूनही जास्त थांबतात. मुंबईच्या फ्लॅटमध्ये एप्रिलच्या उकाड्यात कोण कशी वाईन मुरवणार? आपल्यासारख्यांसाठीच जणू हे नियम केलेत!

दुकानात रियोहा दिसली तर बाटली उलटी फिरवून मागचा शिक्का बघा: क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गडद लालसर, ग्रान रेसेर्वाला निळा. आपल्याकडच्या हवेत उघडण्याआधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवाच. 16 ते 18 अंशांवर ती खुलते. सोबत मटण हवं. तिकडे कोकराच्या चापा छाटणीच्या वाळलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजतात, वर फक्त जाडं मीठ. छाटणीच्या काड्यांना नाशिकमध्ये काय तोटा!

आणि हो, टेम्प्रानियो आपल्याकडेही पोचलंय. दिंडोरी तालुक्यात चारोसाने ते लावलं आणि ओकमध्ये मुरवून बाटलीत भरलं. माती वेगळी, ऊन वेगळं, हंगाम वेगळा, द्राक्ष तेच. आता मला आरोची बाटली आणि दिंडोरीची बाटली एकाच टेबलावर, एकाच संध्याकाळी उघडायची आहे. मटण सांगून ठेवलंय, माणसंही जमवली आहेत.