घोडेस्वारांच्या मागावर

अंबाजोगाई

ती. बाबांस,


एसटीने सुखरूप पोहोचले. कॉनन डॉयलचा ब्रिगेडियर जेरार्ड, नेपोलियनचा तो हुसार घोडेस्वार, तुम्हीच मला लहानपणी वाचून दाखवलात. आपल्याकडच्या स्वारांवर मराठीत लिहिलेल्या जुन्या कादंबऱ्या आता दुकानांत सहसा दिसत नाहीत, म्हणून वाचनालये धुंडाळायला निघाले आहे.

सुरुवात योग्य गावी झाली. निजामाच्या राज्यात हे मोमिनाबाद होते आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची इथे छावणी होती. पुढे १९०३ मध्ये ते दल हिंदी लष्करात विलीन झाले. त्याच दलातून आलेल्या २०व्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, भाले घेऊन हाय वूडवर चाल केली. आपल्या मुलखातल्या या रिसाल्यावर एखादी मराठी कादंबरी असायला हवी, असे फार वाटते.

राक्षसभुवन, ता. गेवराई

ती. बाबा,

शनीचे दर्शन घेऊन गोदाकाठी गेले. १० ऑगस्ट १७६३ची लढाई इथलीच. निजामअलीची मुख्य फौज नदीपार झाली होती आणि दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या काठावर मागे राहिला होता. नदीला पूर असल्याने पलीकडून कुमक येईना. राघोबादादा वेढ्यात सापडले, तेव्हा अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी स्वार घालून त्यांना सोडवले. विठ्ठल सुंदर मारला गेला. हे सारे 'स्वामी' कादंबरीमुळे आपल्याला ठाऊक आहे. पण रणजित देसाईंच्या आधीही अनेकांनी पेशवाई कादंबरीत आणली होती, त्यांची नावे आज कितीजण घेतात?

बीड

ती. बाबा,

सापडले! एका जुन्या वाचनालयात वि. वा. हडपांच्या 'कादंबरीमय पेशवाई'चा एक भाग मिळाला. दाभणाने शिवलेला पुठ्ठा, कसरीने जाळी केलेली पाने, आत दाखल नंबर आणि जांभळा शिक्का. तारखांच्या चिठ्ठीवर अगोदर दाट नोंदी आहेत, मग त्या विरळ होतात आणि शेवटी थांबतात. ग्रंथपालकाका म्हणाले, "मागणी नाही, म्हणून निर्लेखनाच्या यादीत टाकलं होतं. पण हात होईना." त्यांनी यादीतून नाव खोडले, म्हणून ते वाचले.

उर्दू राजभाषा असलेल्या निजामाच्या संस्थानात अशा वाचनालयांनी मराठी वाचणारा माणूस घडवला. ही पुस्तके एकदा रद्दीत गेली की पुन्हा छापायलासुद्धा मूळ प्रत उरणार नाही.

तेव्हा बाबा, एक काम करा. माळ्यावरची ट्रंक उघडा, नाथमाधव आणि हडप या दोघांच्या कादंबऱ्यांचे भाग वेगळे काढा, उन्हात न ठेवता सावलीत वारा द्या, आणि कोणते भाग आहेत त्याची यादी मला पाठवा. इथे जे भाग नाहीत, ते आपण या वाचनालयाला देऊ. ग्रंथपालकाकांना तसा शब्द दिला आहे.

तुमची लेक