पोचा आलेलं मापटं

मालदांडी ज्वारी पाण्याचा ताण कसा सोसते, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. आमचं शेत मंगळवेढ्याकडे. पावसाचा थेंब नसताना नुसत्या ओलीवर ज्वारी पोटरीत येते, निसवते, हे लहानपणापासून पाहिलेलं. तेव्हा तिच्या मुळांत काय घडतं, ते मला जनुकांच्या पातळीवर बघायचं होतं.

कुंड्यांत ज्वारी वाढवली. पोटरीच्या सुमारास अर्ध्या कुंड्यांचं पाणी दहा दिवस तोडलं. मग मुळं धुऊन द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवली, खलात कुटली, आरएनए काढला, त्यापासून सीडीएनए केला आणि क्यूपीसीआरला लावला. या यंत्रात दर फेरीला डीएनए साधारण दुप्पट होतो. ठरावीक चमक कितव्या फेरीला आली, तो आकडा म्हणजे सीटी. मूळ माल जास्त, तर सीटी कमी. एका फेरीचा फरक म्हणजे दुपटीचा फरक. पण दोन नळ्यांत मुळात सारखा माल पडला होता का? ते ताडण्यासाठी ताण असो वा नसो, सारखंच चालणारं एक जनुक सोबत मोजतात. ते संदर्भ जनुक. मी अ‍ॅक्टिन घेतलं. आमच्याकडे सगळे तेच घेत. ते मोजायला लागणारे प्रायमर फ्रीजरमध्ये तयारच होते.

निकाल सुंदर आला. पेशीत पाणी ने-आण करणाऱ्या एका अ‍ॅक्वापोरिनचं जनुक ताणाखालच्या मुळांत चौपट चाललेलं दिसत होतं. मी आलेख घेऊन माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "अ‍ॅक्टिनचे कच्चे आकडे दाखव."

अ‍ॅक्वापोरिनचा सीटी दोन्हीकडे 24 होता. अ‍ॅक्टिनचा मात्र पाणी दिलेल्या झाडांत 19 आणि ताणाखालच्या झाडांत 21. माझं जनुक हललंच नव्हतं. अ‍ॅक्टिन चौथ्या हिश्शावर उतरलं होतं.

मला आजीचं धान्य मोजायचं मापटं आठवलं. कुणाला ज्वारी मोजून देण्याआधी ती त्याचा तळ चाचपायची. पोचा आलेल्या मापट्यात दाणे कमी बसतात, आणि तीच रास जास्त मापं भरते. माझ्या आलेखात हेच झालं होतं.

आधी वाटलं, आरएनएच खराब असेल. पण जेलवर पट्टे स्वच्छ होते, प्रत्येक नमुन्यातून एकच मायक्रोग्रॅम घेतला होता, आणि सीडीएनए कमी पडला असता तर अ‍ॅक्वापोरिनचा सीटीही वाढला असता. अ‍ॅक्टिन पेशीच्या सांगाड्याचं प्रथिन आहे. मुळांची वाढ मंदावली तेव्हा तेही मंदावलं असावं.

मग मापंच तपासायला घेतली. ट्युब्युलिन, युबिक्विटिन, जीएपीडीएच, ईएफ-1 अल्फा, ईआयएफ-4ए, पीपी2ए आणि अ‍ॅक्टिन, अशी सात जनुकं. 18एस आरएनए सोडून दिला: तो इतका मुबलक असतो की त्याच्या शेजारी बाकीच्यांचा हिशेब बसत नाही. पीपी2ए घ्यायचं कारण, 2005मध्ये अरॅबिडॉप्सिसच्या प्रचंड माहितीसाठ्यातून जी स्थिर जनुकं निवडली गेली, त्यांत त्याचा एक उपघटक होता. पण तिथली स्थिरता ज्वारीच्या मुळांत गृहीत धरता येत नव्हती. प्रत्येक प्रायमरची कार्यक्षमता 90 ते 110 टक्क्यांत आहे का आणि वितळण-आलेखात एकच शिखर येतं का, हे आधी पाहिलं.

सगळे आकडे जीनॉर्म या स्थिर जनुकं निवडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातले, तर वर आले अ‍ॅक्टिन आणि ट्युब्युलिन! मी दोन दिवस चक्रावून गेले. नंतर उमगलं. जीनॉर्म जनुकांच्या जोड्या लावून त्यांचं गुणोत्तर किती कायम राहतं ते पाहतं. ही दोन्ही जनुकं सांगाड्याची. दोन्ही एकदमच उतरली होती. पोचा आलेली दोन मापटी एकमेकांशी तंतोतंत जुळत होती. नॉर्मफाइंडर हा तसाच दुसरा प्रोग्रॅम दोन गटांमधला फरकही वेगळा धरतो. त्यानं ती दोन्ही खाली ढकलली आणि पीपी2ए व ईआयएफ-4ए वर आणली. कच्चे सीटीही तेच सांगत होते. ट्युब्युलिन वगळून जीनॉर्म पुन्हा चालवलं, तेव्हा हीच जोडी टिकली.

या दोघांच्या भूमितीय सरासरीवर सगळं पुन्हा मोजलं. अ‍ॅक्वापोरिनची चौपट वाढ नाहीशी झाली. चार महिने गेले आणि हातातला सर्वांत देखणा निकालही गेला. त्या रात्री मी रडले. पण त्या आकड्यावर विसंबून कुणी वाण निवडायला निघालं असतं, तर कुणाच्या तरी शेतातली वर्षं गेली असती. 2009च्या एमआयक्यूई मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे, की स्थिरतेचा पुरावा दिल्याशिवाय एकाच संदर्भ जनुकावर भिस्त ठेवू नये. ते मी आधी वाचलेलं होतं. समजलं ते अ‍ॅक्टिनचे 19 आणि 21 शेजारी शेजारी पाहिल्यावर.

माझ्या प्रबंधात संदर्भ जनुकांचं प्रकरण परिशिष्टात टाकावं, असं काहींनी सुचवलं होतं. मी ते पहिलं ठेवलं. अ‍ॅक्वापोरिन त्याच्या पुढच्या प्रकरणात आहे, 'बदल नाही' अशा नोंदीसह.