नव्या रिव्हॉल्वरवरची काजळी

ह्यूस्टनमधल्या त्या दुकानात काउंटरवर ठेवलेल्या रिव्हॉल्वरला 'नवं' अशी चिठ्ठी अडकवलेली होती आणि किंमतही नव्याचीच होती. स्मिथ अँड वेसनचं ६८६, स्टेनलेस स्टीलचं, .३५७ मॅग्नमचं, सहा गोळ्यांचं. लक्ष्यवेधाच्या सरावासाठी मला असंच जड, हातात न उसळणारं रिव्हॉल्वर हवं होतं. विक्रेत्याने ते रिकामं असल्याची आधी स्वतः खात्री केली, मग मी केली. सिलिंडर बाजूला काढून पाहिला, तर त्याच्या पुढच्या तोंडावर सहाही घरांभोवती काळपट वलयं उमटलेली होती. बाहेरच्या अंगावर, खाचांच्या रांगेतून, एक बारीक चकचकीत रेघ पूर्ण गोल फिरलेली होती.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका तरुण गिऱ्हाइकाने ती वलयं पाहिली आणि "हे वापरलेलं आहे" असं सांगून तो मोकळा झाला. इतका झटपट निकाल मला मान्य नव्हता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी मशीनवर काम शिकलो, आणि इथे ह्यूस्टनला तेलविहिरींचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करत आलो. धातूवरचा डाग वेगळा आणि धातूची झीज वेगळी, हे त्या कामाने हाडात भिनलेलं आहे. डाग एका दिवसात पडतो आणि पुसलाही जातो. झीज मात्र परत भरून येत नाही.

सोबत आमच्या रेंजवरचे एक ज्येष्ठ स्नेही होते, टूलरूममधून निवृत्त झालेले. आम्ही दोघांनी विक्रेत्याकडे नीट तपासायची परवानगी मागितली आणि त्याने ती दिली.

प्रथम त्या वलयांविषयी. कारखान्यातून निघालेलं रिव्हॉल्वर एकही गोळी न झाडलेलं असतं, ही समजूत चुकीची आहे. इंग्लंडमध्ये बंदुकीची नळी जादा दाबाने तपासून तिच्यावर ठसा मारणाऱ्या संस्था जुन्या आहेत. लंडनची १६३७ ची आणि बर्मिंगहॅमची १८१३ ची. अमेरिकेत अशी सरकारी सक्ती नाही, पण मोठे कारखाने आपापली शस्त्रं स्वतःच झाडून बघतात आणि मगच खोक्यात भरतात. मेरीलँड राज्याने तर २००० साली कायदाच केला होता, की प्रत्येक नव्या हातबंदुकीसोबत कारखान्याने तिच्यातून झाडलेलं रिकामं काडतूस द्यायचं, म्हणजे पुढे गुन्ह्याच्या तपासात त्याच्याशी ताडून बघता येईल. तो कायदा २०१५ मध्ये रद्द झाला. पण नव्या शस्त्रातून गोळी झाडलेली असते, हे त्या राज्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खोक्यातल्या लहानशा पाकिटावरूनच कळत असे.

रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात फट ठेवावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार नाही. ही फट साधारण इंचाच्या चार ते दहा हजारांश भागांची असते. आमच्या उद्यमनगरी भाषेत चार ते दहा थाऊ. गोळी सुटताना त्या फटीतून तापलेला वायू आणि काजळी बाहेर फेकली जाते आणि सिलिंडरच्या तोंडावर वलय उमटतं. त्यासाठी एक गोळी पुरते. स्टेनलेस स्टीलच्या उजळ पृष्ठभागावर ते ठळक दिसतं, काळ्या ब्लूइंगवर लपून जातं. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. शिशाचा थर काढायचं एक खास कापड मिळतं, त्याने स्टेनलेसवरची वलयं काही मिनिटांत नाहीशी होतात. म्हणून वलयं असणं हा जुनेपणाचा पुरावा नाही, तसंच वलयं नसणं हा नवेपणाचाही पुरावा नाही.

आता ती रेघ. सिलिंडरला प्रत्येक घराशी नेमकं थांबवणारी एक छोटी कळ सांगाड्याच्या तळाशी असते. स्मिथ अँड वेसनच्या रचनेत सिलिंडर फिरू लागला की ही कळ लगेच वर येते आणि पुढची खाच येईपर्यंत त्याच्या अंगावर घासत राहते. साहजिकच रेघ पडते. गोळी न झाडता नुसता चाप ओढला तरी पडते. दुकानात दहा जणांनी हाताळलेलं नवं रिव्हॉल्वरही ती दाखवणारच. रुगरच्या डबल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरचं तसं नाही. त्यात कळ सिलिंडरपासून दूर राहते आणि खाचेच्या जरा आधी वर येते. तिथे पूर्ण गोल रेघ दिसली, तर बहुतेक वेळा कोणीतरी सिलिंडर खाचेत न बसवताच बंद करून हाताने फिरवलेला असतो. एकच खूण एका कंपनीच्या शस्त्रात निरर्थक असते आणि दुसऱ्याच्या शस्त्रात बोलकी. त्या तरुणाने ज्या दोन गोष्टींवर निकाल दिला होता, त्या दोन्हींवरून काहीच ठरत नव्हतं.

माझे स्नेही मग खऱ्या जागांकडे वळले. सिलिंडरच्या मागच्या बाजूला रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी चांदणी असते. त्यांनी दांडा दाबून ती वर उचलली आणि तिच्याखाली प्रकाश पाडला. तिथे न जळलेल्या दारूचे कण होते, आणि तेलात कालवून घट्ट बसलेला त्यांचा थर होता. कारखान्यातल्या चाचणीने तिथे एखाद-दुसरा कण राहू शकतो. थर मात्र पुष्कळ गोळ्यांनंतर साचतो. घाईघाईने साफसफाई करणारा माणूस नळी पुसतो, सिलिंडर चकचकीत करतो आणि चांदणीखालची जागा विसरतो.

नंतर नळी. पुढून बघून फारसं कळत नाही. सिलिंडर बाजूला काढून, मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरून त्यावर टॉर्च मारली की खाचा उजळतात. नळीचं हे मागचं तोंड निमुळतं असतं, त्याला फोर्सिंग कोन म्हणतात. सिलिंडरमधून सुटलेली गोळी प्रथम तिथे आदळते आणि नळीत शिरते. तिथून पुढे खाचांच्या कडेने शिशाचे करडे पट्टे गेलेले दिसले. सिलिंडरवरच्या सांगाड्याच्या पट्टीवर, बरोबर फटीच्या वर, तप्त वायूने कोरलेली रेघ असते का तेही पाहिलं. मॅग्नमच्या बऱ्याच गोळ्यांनंतर ती पडते. इथे ती नव्हती, म्हणजे वापर झाला होता, पण अफाट झाला नव्हता.

सिलिंडरच्या मागे सांगाड्याची जी भिंत असते, तिच्यावर फायरिंग पिनच्या छिद्राभोवती पितळेचा पुसट रंग आणि काडतुसाच्या टोपीची गोल छाप होती. गोळी सुटताना काडतूस त्या भिंतीवर मागे आपटतं, म्हणून ही छाप उमटते. आणि शेवटी, उजव्या बाजूच्या झाकणपट्टीच्या एका स्क्रूची खाच बोथट झालेली होती, कडेला बर उठलेला होता. मापाला न बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरला की अशी खाच होते. कारखान्यातला कामगार असा स्क्रू पुढे जाऊ देत नाही. कोणीतरी घरी हे रिव्हॉल्वर उघडलं होतं.

यांतली कोणतीही एक खूण एकटी असती, तर मी गप्प बसलो असतो. चार वेगवेगळ्या जागा एकच गोष्ट सांगत होत्या.

यंत्राची तब्येतही आम्ही तपासली, कारण जुनं असणं आणि खराब असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घोडा अगदी सावकाश मागे ओढत, बोटाने सिलिंडरला किंचित रोखून धरायचं. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी कळ खाचेत बसली पाहिजे. सहाही घरांना ती बसली. सिलिंडर पुढे-मागे ढकलून त्यातला प्ले पाहिला. तो जेमतेम होता. फिलर गेज घालून फट मोजली. ती मापात होती. रिव्हॉल्वर उत्तम अवस्थेत होतं. वापरलेलं म्हणून योग्य किमतीला विकायला ठेवलं असतं, तर मी ते आनंदाने घेतलं असतं.

मी विक्रेत्याला शांतपणे एकच प्रश्न विचारला: हे तुमच्याकडे वितरकाकडून आलं की एखाद्या माणसाकडून? अमेरिकेत परवानाधारक विक्रेत्याला प्रत्येक शस्त्राची आवक आणि जावक क्रमांकासह वहीत नोंदवावीच लागते. गिऱ्हाइकाला ती वही बघायचा हक्क नाही, पण विचारायला कोणी अडवत नाही. त्याने आत जाऊन नोंद पाहिली. हे रिव्हॉल्वर एकदा विकलं गेलं होतं. घेणाऱ्याने काही काळाने ते दुकानाला परत विकलं, आणि मूळ खोकं, पुस्तिका, कुलपाच्या किल्ल्या सगळं जागेवर असल्यामुळे ते पुन्हा नव्याच्या रांगेत लागलं होतं. खोक्यावरचा क्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी जुळत होता. क्रमांक जुळतो म्हणजे खोकं त्याच शस्त्राचं आहे, एवढंच सिद्ध होतं.

दुकानाने लगेच किंमत कमी करायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. स्मिथ अँड वेसनची आयुष्यभराची दुरुस्ती-सेवा मूळ खरेदीदारासाठी असते. नव्याचे पैसे देऊन दुसरा मालक होणाऱ्याचं नुकसान केवळ भावनेचं नसतं, प्रत्यक्षातलं असतं. त्याहून महत्त्वाचं असं, की शस्त्राच्या व्यवहारात जो विक्रेता स्वतःची वही न बघता चिठ्ठी लावतो, त्याच्या पुढच्या शब्दावर मी विसंबू शकत नव्हतो. शस्त्र हातात घेणारा माणूस त्यातल्या प्रत्येक भागावर स्वतःचा आणि शेजारच्याचा जीव सोपवत असतो.

त्यानंतर दुसऱ्या दुकानातून मी तेच मॉडेल मागवलं. वितरकाकडून आलेलं खोकं माझ्यासमोर उघडलं. सिलिंडरच्या तोंडावर वलयं होती, आधीच्याहून जास्त काळी. पण चांदणीखाली थर नव्हता, नळीच्या मागच्या तोंडावर कटरच्या ताज्या खुणा स्पष्ट होत्या, स्क्रूंच्या खाचा धारदार होत्या. ते खरोखर नवं होतं. तिथे मी ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय अर्ज भरला, एफबीआयची पार्श्वभूमी-तपासणी झाली आणि रिव्हॉल्वर घरी आणलं. अर्ज भरून शस्त्र एकदा तुमच्या नावावर झालं, की बहुतेक दुकानं ते परत घेत नाहीत. म्हणून तपासणीची वेळ सहीच्या आधीची.

गावाकडच्या परवानाधारक मंडळींना तर हे जास्तच लागू आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्वर आपल्याकडे बरेच परवानाधारक घेतात. त्याची जुनी रचना वेगळी, नळीसकट पुढून मोडणारी, पण वायूची फट, चांदणी, भिंत, स्क्रू या तपासायच्या जागा त्याच. एकदा शस्त्राचा क्रमांक परवान्यावर चढला, की ते बदलून घेणं सोपं राहत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार खासगी मालकाला शस्त्र विकायचं असेल, तर जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रं बाळगता येतात. चुकीचं शस्त्र घरात आलं, तर त्यातली एक जागा अडून बसते.

माझं सांगणं एवढंच. काजळी बघून घाबरू नका आणि चकाकी बघून भुलू नका. सोबत जाणकार माणूस न्या, शस्त्र रिकामं असल्याची स्वतः खात्री करा, चांदणीखाली बघा, नळीच्या मागच्या तोंडात बघा, स्क्रूच्या खाचा बघा, आणि हे शस्त्र कुठून आलं ते तोंडाने विचारा. हे सगळं जो विक्रेता बिनतक्रार करू देतो, त्याच्याकडूनच शस्त्र घ्या. जो करू देत नाही, त्याच्याकडून कोणत्याही किमतीला घेऊ नका.