तपकिरी कवचाच्या आत

अंड्याचे कवच जितके गडद तितके ते पौष्टिक, ही समजूत घरोघरी आढळते. फ्रान्समधील मारां या गावाच्या नावाने ओळखली जाणारी कोंबडी तर चॉकलेटी रंगाच्या अंड्यांसाठीच प्रसिद्ध आहे. परंतु कवचाचा रंग मुख्यतः कोंबडीच्या वाणावर ठरतो आणि अंडे बाहेर येण्यापूर्वीच्या काही तासांत तो कवचावर चढतो. पोषणमूल्याशी त्याचा संबंध नाही. अंडे पांढरे असो वा तपकिरी, एका मध्यम अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात.

खोडदच्या आमच्या घरात हे समजावून सांगणे अगत्याचे झाले. मामंजी गेल्यानंतर सासूबाईंचे जेवण दोन घासांवर आले होते. उठताना पाय थरथरत. अंगणात गावठी कोंबड्या होत्या; पण सर्वांत गडद अंडे सासूबाई नातवासाठी बाजूला ठेवत आणि स्वतः मात्र काहीच घेत नसत. एके दिवशी मी एक गडद आणि एक फिकट अंडे उकडून, सोलून त्यांच्यापुढे ठेवले. गडद कोणते, हे त्यांना ओळखता येईना. त्या हसल्या आणि त्यांतले एक त्यांनी खाल्ले. आता रोज एक अंडे त्या घेतात.

कोंबड्यांचा कारभारही मग त्यांच्याकडेच आला. सकाळी खुराडे उघडणे, दाणे टाकणे, अंडी मोजणे, एवढ्या निमित्ताने त्या अंगणभर फिरतात. आमच्या भागात उसात बिबट्या असतो, म्हणून दिवेलागणीपूर्वी खुराड्याला कडी लावण्याची आठवण त्याच करतात. मानमोडीची लस मात्र आम्ही पशुवैद्यकाकडून वेळेवर टोचून घेतो.

वृद्धांच्या घरी काही पथ्ये पाळावीत. अंडे पूर्ण शिजवलेलेच द्यावे. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. खाली वाकावे लागू नये म्हणून दाण्याचे भांडे उंचावर ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सध्या एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली आहे. पिल्ले बाहेर यायला २१ दिवस लागतात. सासूबाईंनी दिनदर्शिकेवर त्या तारखेभोवती स्वतःच्या हाताने गोल काढला आहे.